रामगढच्या टाकीत पाणी चढलं कसं?

'शोले'मधल्या रामगढमध्ये वीज नाही. रात्र झाली की राधा हवेलीतले दिवे एकेक करून मालवते आणि समोर जय माउथ ऑर्गन वाजवत बसतो. मग प्रश्न असा की वीरू दारू पिऊन ज्या उंच टाकीवर चढतो, त्या टाकीत पाणी चढवलं कुणी? पंप कशावर चालला? हा विनोद तुमच्यापैकी बहुतेकांच्या फोनवर कधी ना कधी आला असेल.

आज आपण ह्याच जातीच्या विनोदाबद्दल बोलणार आहोत. म्हणजे सिनेमाची फिरकी घेणारे छोटे व्हिडिओ, आणि त्याहीपेक्षा जास्त, ते बघून चाहते आपसांत जो वाद घालतात तो. हे वाद आपण सहसा 'रिकामटेकड्यांचे उद्योग' म्हणून सोडून देतो. पण त्यात एक खरा प्रश्न आहे: सिनेमातली चूक कशाला म्हणायचं?

टाकीचंच घ्या. मौसीने लग्नाला होकार द्यावा म्हणून वीरूला सगळ्या गावासमोर जीव द्यायची धमकी द्यायची आहे, तर त्याला उंची हवी. राधा आणि जय एकमेकांशी न बोलता जवळ येतात, तर त्यांना अंधार हवा, आणि हाताने विझवता येईल असा दिवा हवा. दोन्ही प्रसंगांनी आपापली गरज भागवून घेतली, आणि दोघांच्या मध्ये एक फट राहिली. इंग्रजीत ह्याला 'प्लॉट होल' म्हणतात. सिनेमा बघताना ती फट दिसत नाही, घरी गेल्यावर दिसते. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता ह्या व्हिडिओंकडे येऊ. अमेरिकेत 2005 साली 'हाऊ इट शुड हॅव एंडेड' ही ॲनिमेशनची मालिका सुरू झाली. नावातच सगळं आलं: सिनेमाचा शेवट खरं तर कसा व्हायला हवा होता. त्यांचा सगळ्यात गाजलेला विनोद 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वरचा. ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: एक दुष्ट अंगठी आहे, ती दूरच्या ज्वालामुखीत नेऊन टाकायची आहे, आणि फ्रोडो नावाचा एक लहानखुरा जीव तीन सिनेमे पायी चालत जातो. काम झाल्यावर त्याला परत आणायला मात्र प्रचंड गरुड येतात! मग जाताना गरुड का नाही? व्हिडिओत ते गरुडावर बसून जातात, अंगठी टाकतात, विषय संपला.

ह्या एका विनोदावर चाहते वर्षानुवर्षं भांडत आहेत. कुणी म्हणतं, शत्रूकडेही उडणारे प्राणी आहेत, ते गरुडांना वाटेतच फाडतील. कुणी म्हणतं, सगळी मोहीम लपूनछपून करायची होती, आभाळातून जाणं म्हणजे दवंडी पिटणं. कुणी म्हणतं, गरुड काही कुणाचे नोकर नाहीत, बोलावलं की आले असं नाही. गंमत म्हणजे लेखक टोल्किनलाही ह्याची जाणीव होती. 1958 साली त्याच्या कादंबरीवर सिनेमा करायचा घाट घातला गेला. त्या पटकथेत गरुड सारखे वापरलेले बघून तो वैतागला, आणि हे फार जपून वापरायचं साधन आहे, अशा अर्थाचं त्याने कळवलं.

पण आम्हाला ह्यातला सगळ्यात वजनदार मुद्दा वेगळा वाटतो, आणि तोही चाहत्यांनीच मांडलेला आहे. ज्वालामुखीच्या काठावर पोचल्यावर फ्रोडो अंगठी टाकत नाही. टाकूच शकत नाही. ती नष्ट होते ती गॉलम तिच्यासाठी झटापट करतो आणि तिच्यासकट खाली पडतो म्हणून. म्हणजे अडचण अंतराची नव्हतीच, हाताची होती. गरुडाने दहा मिनिटांत नेऊन पोचवलं असतं तरी काठावर तोच हात तसाच थांबला असता. आता बघा, हा विनोद झाला नसता तर इतक्या लोकांनी त्या शेवटाचा इतका बारकाईने विचार केला असता का? इथे फिरकी सिनेमाच्या उपयोगी पडली.

दुसरी तऱ्हा 'पिच मीटिंग'. रायन जॉर्ज ह्या कॅनडाच्या विनोदवीराने 2017 मध्ये 'स्क्रीन रँट'साठी हे सुरू केलं. लेखक निर्मात्याला गोष्ट ऐकवतोय, एवढाच प्रसंग, आणि दोन्ही भूमिका तो एकटाच करतो. निर्माता विचारतो, ह्यातून नायक सुटणार कसा, फार अवघड असेल ना? लेखक म्हणतो, 'सुपर ईझी, बेअरली ॲन इनकन्व्हिनियन्स.' अगदी सोपं, त्रास नावालाच. चाहते हे वाक्य आता म्हणीसारखं वापरतात. इथे विनोदाचा रोख फटीवर कमी आणि ती ज्या खोलीत तयार होते त्या खोलीवर जास्त आहे. 2019 च्या 'द राइज ऑफ स्कायवॉकर'मध्ये मेलेला खलनायक परत येतो, आणि एक पात्र म्हणतं की तो 'कसा कोण जाणे' परत आला. खलाशिवाय सिनेमा उभा राहत नव्हता, म्हणून तो आला. 'पिच मीटिंग' बघायची सवय झालेल्या प्रेक्षकाला हे बरोबर कळतं: ही विसरभोळेपणाची चूक नाही, हा कुणीतरी टेबलावर घेतलेला निर्णय आहे. हे ज्ञान आम्हाला मोलाचं वाटतं. सिनेमा माणसं बनवतात, मुदत असते, पैसे अडकलेले असतात.

आणि तिसरी तऱ्हा, जिच्यावर सगळ्यात कडाक्याचं भांडण होतं. 2012 च्या डिसेंबरमध्ये 'सिनेमासिन्स' आलं. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा, प्रत्येक 'पापाला' टिंग करून घंटी, शेवटी बेरीज. पाप कशाला म्हणायचं? कथेतली फट हे पाप, बरोबर. पण सुरुवातीची बोधचिन्हं फार वेळ चालली हेही पाप. पात्र मूर्खासारखं वागलं हेही पाप, मग ते पात्र मूर्खच दाखवायचं असलं तरी. 2017 मध्ये 'काँग: स्कल आयलंड'चा दिग्दर्शक जॉर्डन व्होट-रॉबर्ट्स उघडपणे ह्यावर चिडला. चाहत्यांत दोन तट पडले. एक म्हणतो, अहो विनोद आहे, विनोदासारखा घ्या. दुसरा म्हणतो, विनोद असेल तर मग आकडा कशाला मोजता?

आम्ही दुसऱ्या बाजूचे. कारण असं की घंटी सगळ्याला सारखीच वाजते. हिचकॉकच्या 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट'मध्ये (1959) एका माणसाला मारायचं म्हणून त्याला ओसाड रस्त्यावर बोलावतात आणि त्याच्यामागे औषध फवारणारं विमान लावतात. व्यवहाराने बघितलं तर निव्वळ वेडेपणा, एका गोळीत काम झालं असतं. टिंग! पण त्या विमानाशिवाय तो सिनेमा आठवतो का कुणाला? सारखं 'हे शक्य आहे का' विचारणाऱ्या प्रेक्षकांची हिचकॉक स्वतःच थट्टा करायचा. घंटीची सवय लागली की माणूस सिनेमा चालू असतानाच फटी शोधायला बसतो. मघाशी म्हटलं ना, फट घरी गेल्यावर दिसते. ती थिएटरातच दिसायला लागली तर राधाचा दिवा दिसणार नाही, विजेचा खांब कुठे आहे तेवढंच दिसेल. ह्याला उत्तर म्हणून चाहत्यांतूनच 'सिनेमाविन्स' निघालं, तशाच साच्यात चांगल्या गोष्टी मोजणारं. हेतू चांगला, पण मोजणं सुटलं नाहीच.

आता आपल्याकडे वळू, कारण मराठीतली विडंबनाची परंपरा ह्याहून वेगळ्या वाटेने गेलेली आहे. 1925 चं 'झेंडूची फुले' घ्या. केशवकुमारांनी, म्हणजे अत्र्यांनी, रविकिरण मंडळाच्या कवींना धरलं ते कुठे? त्यांच्या ढंगात. तो फारसी शब्दांचा सोस, ते हळवेपण. कवितेत तर्क चुकला अशी तक्रार नव्हती. ढंगाची नक्कल करायची तर मूळ नीट वाचावं लागतं, कान तयार लागतो. ऐकणाऱ्यालाही मूळ माहीत असावं लागतं, नाहीतर हसू येत नाही. 2014 पासून 'चला हवा येऊ द्या'मध्ये सिनेमांची जी विडंबनं झाली तीही ह्याच घराण्यातली. हिरोची चाल, नायिकेचा ठसका, डायलॉगची फेक. भाऊ कदम साडी नेसून आले की तर्काबिर्काचा प्रश्नच संपतो!

फक्त एक फरक पडला आहे, आणि तो छोटा नाही. 'हवा येऊ द्या'मध्ये ज्या सिनेमाची टर उडवायची त्याचीच मंडळी पाहुणे म्हणून समोर बसलेली असायची, कारण पुढच्या शुक्रवारी सिनेमा लागायचा असे. अमेरिकेतही तेच. खोट्या ट्रेलरमधून सिनेमाला टोचणारं 'ऑनेस्ट ट्रेलर्स' 2012 मध्ये सुरू झालं, आणि 2016 मध्ये 'डेडपूल'वरच्या त्यांच्या व्हिडिओत खुद्द रायन रेनल्ड्स डेडपूल बनून हजर! चाहते खूश झाले. काहींनी मात्र लगेच विचारलं, की ज्याची फिरकी घ्यायची तोच हसत शेजारी येऊन बसला, तर ही फिरकी की जाहिरात? अत्र्यांनी रविकिरण मंडळाला आधी बोलावून विचारलं नव्हतं, की तुमचं पुस्तक येतंय, थोडी थट्टा चालेल का.

ह्यावर तुमच्यापैकी काहींचं मत नक्की वेगळं असणार. मघाशी 'सिनेमासिन्स'चं नाव निघाल्यावर मागच्या रांगेत कुजबुज झाली, ती आम्ही ऐकली आहे. तिथूनच प्रश्न घ्यायला सुरुवात करू.