शेवटून पहिल्या

न्यू जर्सीत शनिवारी सकाळी एखादा कार्यक्रम ठरवायचा म्हणजे आधी मुलांच्या सॉकरचे वेळापत्रक पाहावे लागते. मुलगे खेळतात, मुलीही खेळतात आणि आईवडील घडीच्या खुर्च्या घेऊन मैदानाच्या कडेला बसतात. मुलगी आठ-नऊ वर्षांची असेपर्यंत सारे कौतुकाचे असते. ती हायस्कूलात गेली आणि खरोखरच चांगली खेळू लागली, की आपल्या घरांत एक प्रश्न हळूच डोके वर काढतो: "हे सगळे ठीक, पण पुढे काय?"

या प्रश्नावर उपदेश करण्यापेक्षा आपल्या शेजारच्याच एका क्लबाची हकीकत सांगतो. 'गॉथम एफ. सी.' हा महिलांचा व्यावसायिक फुटबॉल क्लब. त्याचे घरचे मैदान नूअर्कला लागून असलेल्या हॅरिसन गावात आहे. २०२२ च्या हंगामात हा संघ बारा संघांत बारावा आला आणि २०२३ मध्ये तोच राष्ट्रीय विजेता ठरला. वर्गात तळाशी असलेल्या मुलाला आपण चेष्टेने 'शेवटून पहिला' म्हणायचो. या मुली अक्षरशः शेवटून पहिल्या आल्या.

हे कसे घडले ते समजण्यासाठी थोडे मागे जायला हवे. अमेरिकेत महिलांची पहिली व्यावसायिक लीग २००१ ते २००३ अशी तीन वर्षे चालली आणि बंद पडली. दुसरी २००९ ते २०११ चालली आणि तिचीही तीच गत झाली. आपला हा क्लब त्या दुसऱ्या लीगमधला. तेव्हा त्याचे नाव होते 'स्काय ब्लू'. पहिल्याच वर्षी, २००९ मध्ये, गुणतक्त्यात चौथा असूनही त्याने करंडक जिंकला. ख्रिस्ती रँपोन तेव्हा संघाची कर्णधारही होती, हंगामी प्रशिक्षकही होती आणि शिवाय गरोदर होती!

२०१३ मध्ये तिसरी लीग निघाली, ती मात्र टिकली. पण दोनदा हात पोळलेल्या मालकांनी खर्चाला इतकी कात्री लावली की काटकसर कुठे संपते आणि हेळसांड कुठे सुरू होते, ते कळेना. 'स्काय ब्लू' त्या वेळी पिस्कॅटवेला, रटगर्स विद्यापीठाच्या मैदानावर खेळत असे. २०१८ मध्ये वृत्तपत्रांतून बाहेर आले की सरावाच्या जागी अंघोळीची सोय नाही आणि खेळाडूंच्या राहण्याच्या जागा वाईट आहेत. त्या वर्षी लीगमधला किमान पगार होता १५,७५० डॉलर. संघ २४ सामने खेळला. १७ हरला, ६ बरोबरीत सुटले आणि जिंकला फक्त एक, तोही अगदी शेवटचा. पुढच्या वर्षी क्लबने कॉलेजांतून निवडलेल्या पहिल्या दोन मुलींनी तर तिथे खेळायचेच नाकारले. ज्या नोकरीचे नाव ऐकून होतकरू उमेदवार पाठ फिरवतात, तिथे दोष उमेदवारांचा नसतो.

टीका झाल्यावर व्यवस्थापन बदलले, क्लब हॅरिसनला आला आणि २०२१ मध्ये त्याचे 'गॉथम' असे नवे बारसे झाले. याच क्लबात पूर्वी खेळलेली याएल अव्हरबुक वेस्ट त्या वर्षी महाव्यवस्थापक झाली. २०२२ मध्ये खेळाडूंच्या संघटनेने लीगशी पहिला सामूहिक करार केला आणि किमान पगार ३५,००० डॉलरवर गेला. पण पैसे आले म्हणून गोल लगेच होत नाहीत. त्याच हंगामात गॉथमने २२ पैकी १७ सामने गमावले.

युरोपात तळाच्या संघाला खालच्या श्रेणीत ढकलतात. इथे तसे नाही. उलट, कॉलेजातून येणाऱ्या खेळाडूंच्या निवडीत तेव्हा तळाच्या संघांना आधी संधी मिळे. गॉथमने याचा धूर्तपणे उपयोग केला. दुसऱ्या क्रमांकाची निवड कॅन्सस सिटीला देऊन त्या बदल्यात लिन विल्यम्स ही मुरलेली आघाडीची खेळाडू घेतली. चौथ्या क्रमांकावर जेना नाइस्वाँगर निवडली. मधल्या फळीतल्या या मुलीला हुआन कार्लोस आमोरोस या नव्या प्रशिक्षकांनी बचावात खेळवले आणि ती वर्षातली सर्वोत्तम नवोदित ठरली. ऑगस्टमध्ये स्पेनने विश्वचषक जिंकला आणि त्या संघातली एस्तेर गोन्सालेस काही दिवसांतच गॉथममध्ये दाखल झाली.

तरीही गॉथम सहावाच आला. गुण ३१. ऑरलँडोचेही ३१ च होते, पण गोलफरकात गॉथम सरस ठरला आणि बाद फेरीची शेवटची जागा मिळाली. पहिल्या आलेल्या सॅन डिएगोचे गुण होते अवघे ३७. बाद फेरीत गॉथमने नॉर्थ कॅरोलिनाला २-० आणि पोर्टलंडला जादा वेळेत १-० असे त्यांच्याच मैदानांवर हरवले.

११ नोव्हेंबर २०२३ चा अंतिम सामना सॅन डिएगोत २५,०११ प्रेक्षकांसमोर झाला. प्रतिस्पर्धी होता सिअॅटलचा 'ओ. एल. रेन'. त्यांची मेगन रपिनो आणि गॉथमची अली क्रीगर, दोघींचा हा निवृत्तीचा सामना. पैकी रपिनो पहिल्या काही मिनिटांतच जखमी होऊन बाहेर गेली. विल्यम्सने गोल केला, रोझ लव्हेलने तो फेडला आणि मध्यंतराआधी मिज पर्सच्या कॉर्नरवर गोन्सालेसने डोक्याने दुसरा गोल केला. शेवटच्या क्षणी गॉथमच्या गोलरक्षकाला लाल कार्ड मिळाले. बदली खेळाडू संपले होते, म्हणून मधल्या फळीतली नीली मार्टिन हातमोजे चढवून गोलात उभी राहिली. लव्हेलची फ्री किक बचावाच्या भिंतीवर आदळली आणि गॉथम २-१ ने जिंकला.

सहावा संघ विजेता, हा न्याय का? वर्षभर राबून पहिल्या आलेल्यांना तो अन्यायच वाटणार. २०२५ मध्ये तर कॅन्सस सिटीने विक्रमी ६५ गुण मिळवले आणि त्यांना बाद फेरीत पहिल्याच सामन्यात आठव्या आलेल्या गॉथमने घरी पाठवले. पुढे करंडकही गॉथमनेच नेला. पण शेवटच्या सामन्यापर्यंत बहुतेकांची आशा जिवंत ठेवायची, ही अमेरिकन खेळांची रीत आहे.

आता आपल्या प्रश्नाकडे वळू. २०२४ च्या करारात कॉलेज-निवडीची पद्धतच रद्द झाली. कुठे खेळायचे ते आता मुलगी स्वतः ठरवते. २०२५ चा किमान पगार ४८,५०० डॉलर होता. त्या वर्षी संघ होते १४. प्रत्येकी पंचवीस खेळाडू धरले तर या लीगमध्ये जागा साडेतीनशे. म्हणजे मेडिकलच्या प्रवेशापेक्षाही अवघड, आणि गुडघा दुखावला तर तिशीच्या आत खेळ आटोपतो. म्हणून कॉलेजचे शिक्षण पुरे करावेच. पण मुलगी त्या साडेतीनशेंत बसण्याजोगी असेल, तर कुठल्याही नोकरीबद्दल आपण जे विचारतो तेच इथेही विचारावे: पगार किती, राहायचे कुठे, दुखापत झाली तर खर्च कोणाचा, आणि मालक कसा आहे? २०१८ मध्ये पिस्कॅटवेला याची उत्तरे ऐकून कोणीही आईबाप नाहीच म्हणाले असते. आता निदान उत्तरे ऐकून विचार करता येतो.