समुद्र किती वाढला?

चावडीवर वर्तमानपत्र येते. एकजण मोठ्याने वाचतो, बाकीचे ऐकतात. एके दिवशी बातमी असते : 'समुद्र वाढतो आहे.'

एकजण घाबरतो. म्हणतो, "म्हणजे मुंबई बुडणार तर!" दुसरा हसतो. म्हणतो, "आपल्या पुणे जिल्ह्यात कुठे आलाय समुद्र?"

दोघांचेही चुकते. कसे, ते पाहू.

पुण्याला समुद्र नाही, हे खरे. पण समुद्राचा आणि पावसाचा हिशेब पुण्यात होतो. शिवाजीनगरला वेधशाळा आहे. हवामान खात्याची कचेरी १९२८ साली सिमल्याहून इथे आली. म्हणून लोक तिला 'सिमला ऑफिस' म्हणू लागले. पाषाणला हवामानाचा अभ्यास करणारी मोठी संस्था आहे. ती १९६२ साली निघाली. तिथल्या शास्त्रज्ञांनी २०२० साली एक अहवाल तयार केला.

अहवाल सांगतो : १९९३ ते २०१७ या काळात आपल्याकडचा समुद्र दरसाल सरासरी ३.३ मिलिमीटर वाढला. पट्टीवर बारीक रेघा असतात ना? तशा तीन रेघा, आणि वर थोडे. पूर्वी ही वाढ दरसाल दोन रेघांहूनही कमी होती.

एवढ्याशा तीन रेघा, त्यांची काय बातमी? पण थेंबे थेंबे तळे साचे. पंचवीस वर्षांत चार बोटे पाणी चढते. भरती येते ती या चार बोटांवर. वादळाची लाट येते ती त्याच्याही वर. कोकणात खाडीकाठी बांध घालून भात पिकवतात. बांधावरून खारे पाणी आत शिरले, की पीक जाते आणि जमीनही नासते.

समुद्र का वाढतो? आपण कोळसा जाळतो, तेल जाळतो. त्यातून निघणारा वायू घोंगडीसारखा पृथ्वीची ऊब धरून ठेवतो. समुद्र तापतो. पाणी तापले की फुगते. शिवाय जमिनीवरचे बर्फ वितळते आणि समुद्राला मिळते.

तापलेला समुद्र वादळांना बळ देतो. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्याला लागले. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. वारा घाट चढून पुणे जिल्ह्यातही आला. इथेही झाडे पडली. एका वादळावरून हवामान बदलले असे म्हणता येत नाही. त्यासाठी पुष्कळ वर्षांचा हिशेब लागतो. पण त्या वेळी वेधशाळेने आधी सांगितले, बातमी वेळेवर पोचली, म्हणून किनाऱ्यावरची माणसे हलवता आली. खरी बातमी जीव वाचवते.

मग खरी बातमी ओळखायची कशी? तीन प्रश्न विचारा. कोणी मोजले? कुठे मोजले? किती वर्षे मोजले? मुंबईच्या अपोलो बंदरावर समुद्राच्या उंचीच्या १८७८ सालापासूनच्या नोंदी आहेत. अशा नोंदींवरून लिहिलेल्या बातमीला वजन असते. 'उद्या सगळे बुडणार' असे कोणी लिहिले, तर हे तीन प्रश्न आधी विचारा.

चांगली बातमी माणसाला घाबरवत नाही, आणि निजवतही नाही. ती जागे करते. वाचता येत नव्हते, तेव्हा दुसरा सांगेल ते खरे धरावे लागे. आता तुम्हाला वाचता येते. उद्या चावडीवर वर्तमानपत्र तुम्ही वाचा. आणि ऐकणाऱ्यांना हे तीन प्रश्नही सांगा.