एक पोते युरिया, चार टन शेणखत

युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात ४६ टक्के, म्हणजे सुमारे २१ किलो नत्र असते. चांगल्या कुजलेल्या शेणखतात ते जेमतेम अर्धा टक्का. एका पोत्याइतके नत्र द्यायचे तर चार टनांहून अधिक शेणखत शेतात टाकावे लागेल. वर्धा जिल्ह्यातल्या कापूसवाल्याकडे सेंद्रिय शेतीचा विषय काढला, की तो आम्हाला विचारतो, ‘एवढे शेण आणू कुठून?’ गोठ्यातली जनावरे कमी झाली आहेत. प्रश्न रास्त आहे.

पण नत्र काही केवळ शेणातच नसते. हवेत ते ७८ टक्के आहे. युरियाच्या कारखान्यात नैसर्गिक वायू खर्चून, प्रचंड दाब आणि उष्णता देऊन ते अमोनियात बांधतात. तुरीच्या मुळांवरील गाठींतले रायझोबियम जिवाणू हेच काम जमिनीच्या साध्या तापमानाला करतात. कपाशीत तुरीच्या ओळी घालण्याची विदर्भातली रीत म्हणूनच शहाणपणाची. अर्थात यातले बरेचसे नत्र डाळीबरोबर घरी येते. जमिनीला मिळते ते गळलेल्या पाल्यातले आणि मुळांतले.

दुसरे साधन आपण चुलीत नाहीतर बांधावर जाळतो, ते म्हणजे पऱ्हाट्या. आल्बर्ट हॉवर्ड या शास्त्रज्ञाने १९२४ नंतर इंदूरला याच कचऱ्यापासून कंपोस्ट केले. टणक काड्या तो रस्त्यावर पसरून बैलगाड्यांखाली चिरडून घेई! नुसत्या काड्या शेतात गाडल्या तर मात्र नुकसान होते. कुजवणाऱ्या जिवाणूंना कर्बाच्या २५-३० भागांमागे एक भाग नत्र लागते. काडीत ते फार कमी असल्याने जिवाणू मातीतले नत्र ओढून घेतात आणि पीक पिवळे पडते. ढिगात थोडे शेण, गोमूत्र भिजलेली माती मिसळली की ही तूट भरून निघते. इथे शेण विरजणासारखे, थोडेच पुरते.

युरियातले नत्र काही दिवसांतच पिकाला मिळते, पण जोराच्या पावसात वाहूनही जाते. कंपोस्टमधले सावकाश सुटते, पहिल्या वर्षी तर थोडेच. त्यामुळे सुरुवातीला उत्पन्न घटू शकते. श्रीलंकेने २०२१ मध्ये रासायनिक खतांवर एकदम बंदी घातली आणि त्याच वर्षी ती मागे घ्यावी लागली. सगळे शेत एका हंगामात बदला, असे आम्ही कोणालाही सांगणार नाही. एकरभरापासून सुरुवात करावी.

वर्गात एक प्रयोग करून पाहावा. बांधावरच्या झाडाखालचे एक ढेकूळ आणि वर्षानुवर्षे नांगरलेल्या शेतातले एक ढेकूळ, काचेच्या दोन पेल्यांत पाण्यात अलगद सोडावे. कोणते आधी विरघळते, पाणी कुठे जास्त गढूळ होते, ते मुलांनी घड्याळ लावून नोंदवावे. सेंद्रिय पदार्थ आणि बुरशीचे धागे मातीचे कण बांधून ठेवतात. ढेकळे पूर्ण वाळलेली घ्यावीत. ओल्या ढेकळांत फरक नीट दिसत नाही.