बांधावरचा पालापाचोळा व शहराची हद्द

माघ संपून फाल्गुन लागला कीं शेतकरी बंधूंस बांध झाडण्याची घाई होते. ऊस तुटून गेलेला असतो, विहिरीवरच्या झाडांचा पाला खालीं पडलेला असतो, बांधावरचें गवत वाळलेलें असतें. सर्व एका ढिगांत लोटून काडी लावली कीं काम संपलें, अशी आपली वडिलोपार्जित समजूत आहे.

प्रस्तुत लेखकानें तहसील कचेरींत तीस वर्षें कारकुनी केली व त्या काळांत आगीचे पंचनामे पुष्कळ लिहिले. बहुतेकांत एक वाक्य ठरलेलें असे: "अचानक वारा सुटल्यामुळें." फाल्गुनांत दुपारीं वारा अचानक सुटत नसतो, तो सुटावयाचाच असतो, हें लिहितांना मला कधीं सुचलें नाहीं. सेवानिवृत्तीच्या पहिल्याच वर्षीं मीं सकाळीं आपल्या मळ्यांतला ढीग पेटविला, अकरा वाजतां वरची राख विझलेली दिसली म्हणून जेवावयास घरीं गेलों, आणि दोन वाजतां राखेखालचा विस्तव उडून शेजाऱ्यांच्या कडब्याच्या गंजीस लागला. तासाभरांत गंजी गेली. पैसे मीं भरून दिले. परंतु चैत्र-वैशाखांत दोन गाईंस व एका बैलास पैसे खाऊं घालतां येत नाहींत. शेजारी एवढेंच म्हणाले, "भाऊसाहेब, आतां पंचनामाही तुम्हींच लिहा." तेव्हांपासून या विषयाचे कायदेकानू पाहण्याचा मीं नाद घेतला.

पहिली गोष्ट हद्दीची. पुणें महानगरपालिकेंत २०१७ सालीं ११ व २०२१ सालीं आणखी २३ गांवें समाविष्ट झालीं. (त्यांपैकीं फुरसुंगी व उरुळी देवाची हीं दोन २०२४ सालीं वगळून त्यांची निराळी नगरपरिषद करण्यांत आली.) या गांवांतील पुष्कळ खातेदारांचा समज असा कीं, सातबाऱ्यावर जमीन शेतीची आहे तोंवर तींत जाळण्याचा हक्कही पूर्वींचाच आहे. सातबारा ज्याच्या हातून हजारों वेळां उतरून गेला तो सांगतो कीं, त्या उताऱ्यांत धारणा, आकार, पीक व बोजा असतो. धुराचें कलम त्यांत नाहीं.

केंद्र सरकारच्या २०१६ च्या घनकचरा नियमांनीं रस्त्यावर, आपल्या आवाराबाहेरील मोकळ्या सार्वजनिक जागेंत, गटारांत व पाण्यांत कचरा टाकण्यास, जाळण्यास अगर पुरण्यास मनाई केली. बागेंतला पाला आपल्या आवारांत वेगळा ठेवून स्थानिक संस्थेच्या सूचनेप्रमाणें त्याची व्यवस्था लावावी असेंही सांगितलें. ‘आवाराबाहेरील’ हा शब्द पाहून कोणी म्हणेल, मग आवारांत जाळावयास काय हरकत? कारकुनाच्या डोळ्यांसही प्रथम तीच फट दिसली. परंतु राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २२ डिसेंबर २०१६ च्या निकालानें ती बुजविली. जमिनीवर उघड्यावर कचरा जाळण्यास पूर्ण मनाई करून साध्या जाळण्याबद्दल ५,००० व मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई त्यांत ठरविली. शिवाय निष्काळजीपणानें विस्तव वापरून दुसऱ्याच्या जिवास धोका उत्पन्न केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २८७ प्रमाणें सहा महिन्यांपर्यंत कैद, अगर दोन हजार रुपयांपर्यंत दंड, अगर दोन्ही. राखीव वनास धोका पोंचेल असा विस्तव लावणें हा १९२७ च्या वन कायद्यानें गुन्हा आहे. टेकडीच्या पायथ्याशीं ज्यांचे मळे आहेत त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

शहरवासी धुराबद्दल कुरकुर करतात ती उगीच नव्हे. पुणें टेकड्यांच्या मधल्या खोलगटांत वसलें आहे. पौष-माघांतल्या पहाटे थंड हवा खालीं बसते व धूर वर न जातां घराघरांतून फिरतो. त्या ढिगांत ठिबकच्या जुन्या नळ्या व मल्चिंगचा कागद असला तर तो धूर निव्वळ विष होय.

आतां राखेचा हिशेब पाहूं. उसाचें पाचट हेक्टरीं आठ ते दहा टन निघतें व त्यांत सुमारें अर्धा टक्का नत्र असतें. म्हणजे चाळीस-पन्नास किलो नत्र, जवळजवळ सगळें, एका काडीनें धुरांत जातें. राखेंत पालाश राहतें हें खरें, पण सेंद्रिय कर्ब गेला तो गेला. त्यापेक्षां उसाचे बुडखे जमिनीलगत छाटावे, पाचट सरींत दाबावें, आणि त्यावर हेक्टरीं ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट व १० किलो पाचट कुजविणारें जिवाणूखत टाकून पाणी द्यावें.

येथें मावळ-मुळशीचे बंधू विचारतील, "मग आमच्या राबाचें काय?" प्रश्न रास्त आहे. राब म्हणजे कचरा जाळणें नव्हे; तो भाताच्या रोपाच्या वाफ्याचा संस्कार आहे. शेण, डहाळ्या, गवत यांचे थर देऊन वर माती टाकतात, त्यामुळें जाळ भडकत नाहीं व उष्णतेनें तणाचें बीं मरतें. पुण्याच्या शेतकी कॉलेजांतील डॉ. हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी जोशी व कानिटकर यांनीं या पद्धतीवर प्रयोग करून १९१२ सालीं प्रबंध प्रसिद्ध केला, इतकें तिचें महत्त्व. तथापि राबासाठीं झाडें ओरबाडावीं लागतात. गादीवाफ्यावर रोप करणाऱ्याचें काम राबावांचून भागतें, आणि ज्यांस तें जमेल त्यांनीं तसें करावें असें मला वाटतें.

पाल्याला उपाय खताचाच. इंदूर येथें अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनीं कंपोस्टाची रीत बसविली व १९३१ सालीं तिजवर ग्रंथ लिहिला. पुढें आपल्या पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांनीं थोडक्या शेणांत भागणारी ‘नाडेप’ रीत काढली. शहराजवळ जनावरें कमी झालीं असल्यानें हीच रीत आपल्या उपयोगाची. दहा फूट लांब, सहा फूट रुंद व तीन फूट उंच असें विटांचें टाकें बांधावें व हवा खेळावी म्हणून भिंतींत झरोके ठेवावे. काडीकचऱ्याचा सहा इंच थर, त्यावर शेणकाला, त्यावर चाळलेली माती, अशा क्रमानें भरून वरून शेणमातीनें लिंपावें. सगळ्या टाक्यास शेण शंभर किलोंच्या आंतच लागतें. खत तीन-चार महिन्यांत तयार होतें. ओलावा मात्र राखावा लागतो, आणि आळशी माणसाचें टाकें येथेंच फसतें. गाजरगवत (जें १९५५ च्या सुमारास प्रथम या पुण्यांतच आढळलें!) फुलोऱ्यापूर्वीं उपटून त्यांत घालावें, फुललेलें घातल्यास बीं खताबरोबर शेतभर जाईल.

शहराच्या हद्दीबाहेर रोगट झाड अगर कीड लागलेला भाग जाळल्यावांचून गत्यंतर नसेल, तर सकाळीं वारा पडलेला असतांना, खड्ड्यांत, थोडा थोडा जाळावा. भोंवतीं दहा-बारा फूट जमीन खरवडून माती उघडी करावी. गंजी, गोठा व विजेच्या तारा दूर असाव्या. दोन घागरी पाणी, ओलीं गोणपाटें व हिरवे डहाळे हाताशीं असल्यावांचून काडी ओढूं नये. जाळणाऱ्यानें जागा सोडूं नये. शेवटीं राख फावड्यानें उलथून पाणी ओतावें, आणि पालथा हात राखेजवळ नेऊन ऊब लागत नाहीं अशी खात्री झाल्यावरच घरीं जावें. माझें जेवण त्या दिवशीं दोन तास थांबलें असतें तर गंजी वांचली असती.

आमचें टाकें आतां शेजाऱ्यांच्या व माझ्या सामाईक बांधाशेजारीं आहे. गेल्या ज्येष्ठांत तें उघडलें तेव्हां निम्में खत त्यांनीं नेलें. गंजी मात्र ते अजून माझ्या बांधापासून लांबच रचतात.