चाकाचा आऊट अंगणातही निघतो

रोवणी आटोपली की आमच्या भंडारा जिल्ह्यात हात थोडे मोकळे होतात. माझ्या हातात तेव्हा पाना असतो. भंगारातून आणलेली बावीस इंची फ्रेम, नव्या रिमा, स्पोक आणि छर्रे घेऊन मी अंगणातच सायकल फिट करतो. दोन पाने, पक्कड, पेचकस, हातोडी आणि निपलचा पाना एवढ्यावर बहुतेक काम निभतं.

दुकानात वेगळं हत्यार लागतं, तिथे घरचा उपाय सापडतो. चिमट्याच्या वाट्या हातोडीने ठोकल्या तर तिरक्या बसतात. त्याऐवजी आट्यांचा लांब रॉड आरपार घालायचा, दोन्ही टोकांना जाड वायसर आणि नट लावायचे आणि हळूहळू आवळायचं. वाटी सरळ आत सरकते. मग वाटीत ग्रीस भरून छर्रे एकेक करून रोवायचे, बांधीत धान रोवतात तसे.

खरा कस चाकात लागतो. आपल्या जुन्या पद्धतीच्या सायकलला पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक असतात, कारण कॅरिअरवरचं पोतं आणि पायडलचा जोर दोन्ही मागच्या चाकावर येतात. स्पोक हबमधून सरळ न निघता तिरपे जातात, म्हणून हबचा जोर ओढीने रिमपर्यंत पोचतो. इंग्लंडच्या जेम्स स्टार्ली यांनी १८७४ साली या मांडणीचं पेटंट घेतलं.

आऊट, म्हणजे रिमचा वाकडेपणा, काढायला सायकल उलटी करून चाक चिमट्यातच लावावं. चिमट्यावर हात स्थिर टेकवून खडू रिमजवळ धरावा आणि चाक फिरवावं. खडूची रेघ उठते तिथे रिम त्या बाजूला सरकलेली असते. त्या बाजूचे स्पोक पाव फेरा सैल करायचे, समोरचे तेवढेच आवळायचे. एकदम जास्त फिरवलं की दुसरीकडे आऊट येतो. शेवटी हबचे कोन जुळवताना चाकाला खेळ नको आणि अडकही नको: सोडून दिलं की व्हॉल्व्हच्या वजनाने झुलत झुलत ते खाली येऊन थांबलं पाहिजे.

उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचंच दुकान काढलं. त्यांचा लोखंडी नांगर पुढचा. मला त्यात नवल वाटत नाही. यंत्र शिकायला याहून मोकळं यंत्र कुठलं? सगळं डोळ्यांसमोर फिरतं. म्हणून मी गावातल्या मुलींना मुद्दाम जवळ बसवतो. त्यांच्या शाळेच्या सायकली त्यांनाच दुरुस्त करता आल्या पाहिजेत.

दोन गोष्टी सांभाळा. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. आणि कॉटर पिन ठोकताना क्रँकखाली लोखंडी पाइपाचा तुकडा उभा ठेवा, नाहीतर मार आतल्या छर्‍यांवर बसतो. दोन्ही पिना एकमेकींच्या उलट दिशेने घाला, म्हणजे क्रँक एका रेषेत येतात. नवी पिन पहिल्या काही किलोमीटरमध्ये जागेवर बसते, तेव्हा गावाला एक चक्कर मारून तिचा नट पुन्हा आवळा.