हट्टावर औषध मिळेल का?

परवा दवाखान्यात एक आजी, त्यांच्या सूनबाई आणि दोन वर्षांचा नातू असे तिघे आले. आजी खुर्चीवर टेकेपर्यंत नातवाने टेबलावरची बॅटरी उचलून स्वतःच्या तोंडात उजेड पाडला होता, वजनकाट्यावर दोनदा चढून उतरला होता आणि पडद्यामागून कंपाउंडरला 'भॉक' करून आला होता.

"डॉक्टरसाहेब, ह्याच्या हट्टावर काही औषध असलं तर द्या," आजी म्हणाल्या. "मागेल ते मिळालं नाही की जमिनीवर लोळण घेतो. काल तर रडता रडता श्वासच कोंडला. ओठ निळे पडले, मान टाकली. शेजारीण कांदा घेऊन धावली. आमच्या घरात असलं पोर कुणी पाहिलं नाही. फाजील लाड, दुसरं काय!"

शेवटचे वाक्य सूनबाईंसाठी होते हे मला समजले आणि त्यांनाही. त्या खाली मान घालून बसल्या होत्या. जरा वेळाने म्हणाल्या, "मी काल दोन फटके दिले हो त्याला. त्यानंतरच तो निळा पडला. माझ्या मारामुळे झालं का ते?"

अशा तक्रारी घेऊन येणारे पालक आठवड्यातून चार-पाच तरी असतात. म्हणून आज या वयाविषयी थोडे सविस्तर लिहितो.

'नाही' कोठून येते?

साधारण दीड ते तीन वर्षे हे वय मोठे गमतीचे असते. वर्षभर कडेवर असलेले मूल आता स्वतःच्या पायांवर चालते, पळते, खुर्चीवर चढते. आपण आईपासून वेगळे कोणीतरी आहोत, आपल्यालाही मर्जी आहे, हा शोध त्याला नुकताच लागलेला असतो. तो शोध जाहीर करायला त्याच्याजवळ सर्वांत सोपा शब्द असतो, 'नाही'. जेवायला चल, नाही. आंघोळ, नाही. लाडू हवा का, तर तोंडाने 'नाही' आणि हात मात्र लाडवाकडे!

अडचण अशी की, सगळ्या शक्ती एकदम येत नाहीत. पाय आधी येतात, भाषा मागून येते आणि मनाला आवर घालण्याची शक्ती तर फारच उशिरा येते. दोन वर्षांच्या मुलाजवळ साधारण पन्नासेक शब्द असतात आणि ते दोन शब्द जोडून बोलू लागते. मनात मात्र दोनशे गोष्टी असतात. निळी वाटी हवी होती, आईने पिवळी दिली, हे त्याला सांगता येत नाही. मग ते भोकाड पसरते. राग दाबून धरणारा मेंदूचा पुढचा भाग अजून कच्चा असतो. तो पक्का व्हायला पुढची कितीतरी वर्षे लागतात. म्हणून थयथयाट करणारे मूल आपल्याला 'छळत' नसते. त्याचे स्वतःलाच आवरत नसते.

काही मुले उपजतच शांत असतात, काही जात्याच चळवळी असतात. एकाच आईची दोन मुले दोन तऱ्हेची असतात, हे आपण सगळेच पाहतो. त्यात आईच्या लाडांचा दोष काढण्यात अर्थ नाही. जे मूल दिवसभर घर डोक्यावर घेते तेच मुंगी कोठे चालली म्हणून अर्धा तास अंगणात उकिडवे बसते, आजोबांची काठी घेऊन त्यांच्यासारखे खोकत चालते आणि कामावरून आलेल्या बाबांच्या पायांना मिठी मारते. हट्ट आणि हा आनंद एकाच उत्साहाची दोन रूपे आहेत.

लोळण घेतल्यावर काय करावे?

आधी कारण पाहावे. भूक, अपुरी झोप, दमणूक आणि अंगातली कसर ही चार कारणे तपासली की निम्मे तंटे मिटतात. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दुपारची धरून ११ ते १४ तास झोप लागते, तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास. लग्नघरी रात्री बारापर्यंत जागवलेले मूल दुसऱ्या दिवशी हट्ट करील नाही तर काय?

मूल रडून आकांत करत असेल तेव्हा त्याला उपदेश करू नये. त्या वेळी त्याला काही ऐकू जात नाही. डोके आपटणार नाही अशा जागी त्याला ठेवावे, जवळ बसावे आणि हळू आवाजात एवढेच म्हणावे, "तुला राग आला. मी इथंच आहे." ओसरल्यावर जवळ घ्यावे आणि पुढच्या कामाला लागावे. मात्र ज्या वस्तूसाठी लोळण घेतली ती वस्तू त्या लोळणीपायी देऊ नये. आज रडून गोळी मिळाली तर उद्या ते अधिक रडेल, कारण रडण्याला भाव आहे हे ते शिकले.

येथे एकत्र कुटुंबात घोटाळा होतो. आई 'नाही' म्हणते, आजी पदराआडून देते आणि आजोबा दुकानात घेऊन जातात. मूल फार हुशार असते. कोणाचे दार ठोठवायचे ते त्याला बरोबर समजते. घरातल्या मोठ्यांनी मुलाच्या माघारी एकदा बसून चार-पाच नियम ठरवावेत आणि ते सर्वांनी सारखे पाळावेत. नियम थोडे असावेत. दिवसातून शंभर वेळा 'हात लावू नकोस' म्हणण्यापेक्षा काचेची बरणी वरच्या फळीवर ठेवणे सोपे असते. स्वयंपाकघरातला एक खालचा कप्पा त्याचा म्हणून सोडून द्यावा. त्यात दोन पातेली, पळी, प्लास्टिकचे डबे असले की आईचा अर्धा तास निभावतो.

मुलाला निवड द्यावी, पण दोनच गोष्टींतली. "आंघोळ करतोस का?" असे विचारले तर उत्तर ठरलेलेच आहे. "मगने पाणी घेणार की वाटीने?" असे विचारले तर निवडण्याच्या नादात आंघोळ उरकते. खेळातून उठवायचे असेल तर आधी सूचना द्यावी, "अजून दोन घसरगुंड्या, मग घरी."

मार आणि भीती

मारल्याने मूल त्या क्षणी गप्प होते, म्हणून मार लागू पडला असे वाटते. खरे तर ते घाबरलेले असते. आपण काय करायचे होते हे त्याला मारातून समजत नाही. राग आला की हात उचलायचा, एवढे मात्र समजते आणि ते धाकट्या भावंडावर तो प्रयोग करते. दोन वर्षांच्या मुलाला हिसका देणे, गदागदा हलवणे तर धोक्याचे आहे.

बागुलबुवाची भीतीही घालू नये. आणि वाचकहो, एक तक्रार माझी स्वतःचीसुद्धा आहे. "गप्प बस, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील" असे सांगून आणलेले मूल मी तपासायचे कसे?

श्वास कोंडतो तेव्हा

आता त्या निळ्या ओठांविषयी. रडता रडता श्वास कोंडणे हा प्रकार लहान मुलांत बराच आढळतो. बहुधा सहा महिने ते दीड वर्ष या काळात तो सुरू होतो आणि पाच-सहा वर्षांपर्यंत आपोआप थांबतो. राग, दुखापत किंवा दचकणे यांनी मूल रडू लागते, श्वास बाहेर सोडते आणि तो परत आत घेतच नाही. ओठ निळे पडतात, अंग ढिले किंवा ताठ होते, क्वचित दोन-चार झटकेही येतात. काही मुले निळी न पडता एकदम पांढरीफटक होतात. बहुतेक वेळा मिनिटाच्या आत श्वास सुरू होतो आणि मूल भानावर येते. हे मूल मुद्दाम करत नाही आणि यामुळे मेंदूला इजा होत नाही.

अशा वेळी मुलाला जमिनीवर कुशीवर निजवावे. तोंडात बोट, चमचा, पाणी काहीही घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवण्याचा उपयोग नाही. हलवू नये, थापटा मारू नयेत. जाग आल्यावर नेहमीसारखे वागावे. 'निळा पडेल' या धास्तीने प्रत्येक हट्ट पुरवू नये.

पहिल्यांदा असे झाले की डॉक्टरांना दाखवावेच, कारण आकडी आणि हा प्रकार यांतला फरक नीट पाहावा लागतो. येथे आधी रडणे किंवा दचकणे असते, मग श्वास कोंडतो. आकडी रडण्यावाचून, झोपेतही येऊ शकते. रडणे नसताना, झोपेत किंवा पळताना मूल बेशुद्ध झाले, सहा महिन्यांच्या आतील बाळाला असे झाले, किंवा घरात कोणी तरुण वयात अचानक दगावले असेल तर हृदयाची तपासणी करावी लागते. मिनिटभरात श्वास सुरू झाला नाही किंवा मूल भानावर आले नाही तर ताबडतोब १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

या प्रकाराचा आणि अंगात लोह कमी असण्याचा संबंध आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. लोहाची कमतरता भरून काढल्यावर अनेक मुलांचे श्वास कोंडणे कमी होते. रक्तक्षयाने मूल चिडचिडेही होते. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी ६७ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. आपल्याकडे चहा-बिस्किटांवर वाढणारी मुले पुष्कळ आहेत. चहामुळे अन्नातले लोह अंगी लागत नाही. दूधही दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर गेले की जेवण मागे पडते आणि रक्त कमी होते. डाळी, पालेभाज्या, अळिवाची खीर, चालत असेल तर अंडे आणि मटण, आणि वर लिंबू पिळलेले वरण, असा आहार असावा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी लोहाचे सरकारी औषध असते. ते आठवड्यातून दोनदा, एक मिलिलीटर द्यायचे असते. आशाताईंकडे त्याची चौकशी करावी. ही बाटली मात्र मुलाच्या हाती लागू देऊ नये. लोहाचे औषध जास्त पोटात गेले तर विषारी ठरते.

घर एकदा गुडघ्यावर बसून पाहा

चळवळ्या मुलाच्या आई-वडिलांनी एकदा गुडघ्यावर बसून, म्हणजे मुलाच्या उंचीवरून घर पाहावे. टेबलाच्या कडेचा चहाचा कप, लोंबणारी इस्त्रीची वायर, शीतपेयाच्या बाटलीत भरलेले रॉकेल किंवा फिनाईल, आजोबांच्या उशाच्या गोळ्या, न्हाणीघरातली भरलेली बादली हे सगळे तेथून दिसते. बादलीतल्या वीतभर पाण्यातही लहान मूल बुडू शकते. शेंगदाणे, फुटाणे, चिंचोके चार वर्षांपर्यंत देऊ नयेत, ते श्वासनलिकेत अडकतात. खेळण्यातला बटणासारखा सेल गिळला तर क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठावे.

जेवताना मोबाईल हाती देण्याची नवी सवय घरोघरी दिसते. दोन वर्षांपर्यंत पडदा नकोच आणि दोन ते पाच वर्षांत दिवसाला फार तर एक तास, असे बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सांगितले आहे. मोबाईलने घास उतरतो, पण मूल बोलायला माणसांकडून शिकते.

कधी काळजी करावी?

हट्ट हा आजार नाही. पण दीड वर्षाचे मूल बोटाने वस्तू दाखवत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, त्याला एकही शब्द येत नसेल, दोन वर्षांचे होऊनही दोन शब्द जोडत नसेल, किंवा येत असलेले शब्द विसरू लागले असेल, तर 'वडीलही उशिराच बोलले' म्हणून थांबू नये. स्वतःला इजा होईल असे डोके आपटणे, चार वर्षांनंतरही रोज आकांडतांडव करणे, हीही दाखवण्याची कारणे आहेत. जिल्हा रुग्णालयांत अशा मुलांच्या तपासणीसाठी स्वतंत्र केंद्रे आहेत.

त्या नातवाचे रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन ९ ग्रॅम निघाले. या वयात ते ११ च्या वर हवे. लोहाचे औषध सुरू केले, चहा बंद केला. आजींना म्हटले, "हट्टावर माझ्याकडे औषध नाही. रक्त कमी आहे, त्यावर आहे. हट्टाचं औषध तुमच्या घरात आहे, तुम्ही दोघींनी एकच बोलायचं." सूनबाईंना सांगितले की मार वाईटच, पण श्वास कोंडायला तुम्ही एकट्या कारण नाही. तो पडून लागल्यावरही कोंडला असता.

तीन महिन्यांनी तिघे परत आले. श्वास कोंडणे महिनाभरात एकदाच झाले होते आणि त्या वेळी आजींनी स्वतः शेजारणीचा कांदा परत पाठवला होता. हट्ट आहे का, असे मी विचारले. आजी हसल्या. "आहे की! पण आता त्याला रडताना पाहून आम्ही दोघी भांडत नाही." नातवाने तोवर माझी बॅटरी पुन्हा उचलली होती. मी त्याला विचारले, "ही टेबलावर ठेवतोस की माझ्या हातात देतोस?" क्षणभर विचार करून त्याने ती माझ्या हातात दिली.