देवळातलं कासव आणि ०३२३३ नंबरची पाहुणी

मलकापूरला समुद्र नाही. स्टेशन आहे, नळगंगा नदी आहे, मे महिन्यात अंगाची लाही करणारं ऊन आहे. समुद्र मात्र रेल्वेने जवळजवळ ५०० किलोमीटर लांब, थेट मुंबईला. तरी कासव म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे एक चित्र येतंच. महादेवाच्या देवळात, नंदीच्या पुढे बसलेलं दगडी कासव. येणारा-जाणारा त्याला हात लावून नमस्कार करतो आणि एखादं पोर हमखास त्याच्या पाठीवर चढून बसतं. (मीही बसलो होतो. आजीने कान पिळला होता.)

ते जागचं हलत नाही म्हणून असेल, पण कासव म्हणजे हळूबाई असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. बिचाऱ्याने सशाबरोबरची शर्यत जिंकली तरी नाव काही सुधारलं नाही.

तर आता एका खऱ्या कासवीची गोष्ट ऐका. जानेवारी २०२५. रत्नागिरी जिल्ह्यातलं गुहागर. ऑलिव्ह रिडले जातीची एक मादी अंडी घालायला किनाऱ्यावर आली. तिच्या वल्ह्यासारख्या पायाला धातूची बारकी पट्टी होती आणि तिच्यावर नंबर होता : ०३२३३. शोध घेतला तर काय! ही पट्टी तिला २०२१ मध्ये ओडिशात लावलेली होती. ओडिशा कुठे, गुहागर कुठे! एक देशाच्या पूर्वेला, एक पश्चिमेला. समुद्रातून यायचं म्हणजे खाली उतरून, वळसा घालून पुन्हा वर यायचं. अंदाजे ३,५०० किलोमीटर. मलकापूरहून मुंबईला गेलात, परत आलात, असं तीनदा केलंत आणि चौथ्यांदा नुसतं गेलात, तर तेवढं अंतर होईल. तेही तिकिटाशिवाय आणि पोहत!

मग या बाईंचं घर कुठलं म्हणायचं?

किनारा? छे. तिथे ती जेमतेम तास-दीड तास असते. रात्री येते, मागच्या पायांनी सुरईच्या आकाराचा खड्डा खणते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटून दाबते आणि निघते. त्या वेळी तिच्या डोळ्यांतून पाणी गळतं. रडत नसते हो ती! अंगातलं जास्तीचं मीठ बाहेर टाकायची ती तिची सोय. नराचं तर आणखी नवल. पिल्लू असताना वाळूवरून समुद्रात गेला, की तो सहसा जन्मभर जमिनीवर पाय ठेवत नाही.

म्हणजे अंड्यांपुरता किनारा, जोडीदारासाठी किनाऱ्याजवळचं पाणी, खेकडे-कोळंबी-जेलीफिश खायला तिसरीच जागा, आणि मधला सगळा खुला समुद्र हा रस्ता. तुमचं नाही का, घर एकीकडे, शाळा दुसरीकडे, मामाचं गाव तिसरीकडे?

कोकणातल्या वेळासमध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये गावकऱ्यांना बरोबर घेऊन कासवांची अंडी राखायचं काम सुरू केलं. कुत्री-कोल्हे अंडी उकरत, माणसंही चोरून नेत. म्हणून अंडी अलगद उचलून कुंपणातल्या वाळूत पुरायची, पन्नासेक दिवस राखण करायची आणि पिल्लं समुद्रात सोडायची. किती छान! पण वर्षातल्या त्या तास-दीड तासाची ही राखण झाली. उरलेलं वर्ष मादी कुठे असते?

हे पाहायला जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या एका मादीच्या पाठीवर ट्रान्समीटर चिकटवला. तिचं नाव ठेवलं प्रथमा. मागोमाग सावनी, रेवा, लक्ष्मी आणि वनश्री. भारतीय वन्यजीव संस्था आणि राज्याचा कांदळवन कक्ष यांचा हा उद्योग. कासवाला श्वासासाठी पाण्यावर यावंच लागतं. ते वर आलं, ट्रान्समीटर पाण्याबाहेर निघाला, की उपग्रहाला निरोप जातो : मी इथे आहे! प्रथमा निघाली उत्तरेला, गुजरातच्या दिशेने. पुढच्या वर्षी गुहागरची बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून चक्क बंगालच्या उपसागरात पोचली. सगळ्या एकाच किनाऱ्याच्या, वाटा मात्र जिच्या-तिच्या!

श्वासाची ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण घात तिथेच होतो. मोठ्या जाळ्यात कासव अडकलं आणि वर येता आलं नाही, तर ते चक्क बुडून मरतं. समुद्रातला प्राणी बुडून! आपल्याकडे तळ्यात-कालव्यात दिसणारं कासव घाबरलं की मान-पाय आत ओढून घेतं. समुद्री कासवाला तेही जमत नाही. महाराष्ट्रात कोळ्याने जाळं कापून असं अडकलेलं कासव सोडलं तर सरकार जाळ्याची भरपाई देतं, ते याचसाठी. पण जाळी कुठे जपून टाकायची, बोटी कुठे हळू हाकायच्या, हे कळायला आधी कासवाची वाट माहीत हवी.

आणि प्रथमा ज्या गुजरातकडे गेली ना, तिथेच तुमची नळगंगाही निघालेली असते. ती मिळते पूर्णेला, पूर्णा चांगदेवजवळ तापीला, आणि तापी सुरतेपाशी समुद्राला. वाटेत हतनूर आणि उकाईची धरणं आडवी येतात, म्हणून प्रवास लांबतो एवढंच.

गुहागरला ०३२३३ नंबरच्या मादीने १२० अंडी घातली, त्यांतून १०७ पिल्लं निघाली. तुमच्या तळहातावर मावेल एवढं एकेक. त्यांच्या पाठीवर ट्रान्समीटर कसा लावणार? तोच त्यांच्यापेक्षा मोठा! ती पाण्यात शिरली ती शिरलीच. मोठी व्हायला त्यांना दहा-पंधरा वर्षं लागतील. तेव्हा त्यांतली एखादी अंडी घालायला वर येईल, पायाला पट्टी नसलेली, आणि किनाऱ्यावर कंदील झाकून बसलेल्या माणसाला ती ओळखूही येणार नाही.